एका चंद्राची चूक

लांबच्यांना काही फरक पडला नव्हता.
व्याध, अगस्ती, आमच्याकडचा उलटा टांगलेला मृग,
सगळे सांगितल्या जागी सापडले,
आणि मला वाटलं, दुर्बीण रुळली ताकुआरेम्बोत,
अनिबालच्या गच्चीवरून
माझ्या मेंढ्यांच्या कुंपणाशी.

आज येणारा दगड जवळचा होता.
चंद्र जितका लांब, त्याच्या दहाव्या हिश्शावरून,
लोकर नेणाऱ्या ट्रकएवढा,
अर्ध्या मिनिटाला एक चंद्र ओलांडत.
घड्याळ सेकंदाला सेकंद लावून घेतलं होतं.
कक्षेचे आकडे दुपारचे. कालचे म्हणजे शिळे;
जवळून जाणाऱ्याची वाट पृथ्वी वाकवते.
त्याचा पाठलाग करायचा नसतो.
पुढे जाऊन दबा धरायचा.

दहा चौदा. कोणी नाही.
दहा पंधरा.
निलगिरीपलीकडे टिटवी उगाच कोकलली.
दहा वीस.

फोन केला मोन्तेविदेओला.
अनिबालच्या नजरेच्या मधोमध आता राखाडी डाग आहे:
दाराची चौकट दिसते, दारातला माणूस नाही.
"आकडेच चुकीचे," मी म्हटलं.
"ठिकाण कुठलं घातलंयस?"

मेनूत आत आत शिरले.
तिथे त्याचेच अक्षांश, त्याचेच रेखांश,
उंची एकवीस मीटर,
म्हणजे तिसरा मजला, दोरीवरचे सदरे.
चार महिने इथे उभी राहून
ही बया तिथूनच बघत होती.

साडेतीनशे किलोमीटर.
ताऱ्यांना त्याचं काय!
जवळचा तेवढा विचारतो,
तू कुठे उभी आहेस.

माझं कुंपण घातलं. अंश, कला, विकला,
उंची अंदाजाने.
नवी वेळ, दहा एकतीस.
मोटर कण्हली, थांबली.
"हं?"
"थांब."
"हं?"
"गप रे!"

मग डावीकडून,
सांडलेल्या मिठातला एकच खडा
चालायला लागला.

"कुठून कुठे? बोल."
भराभरा सांगत गेले: जुळे तारे, त्यांच्या खालून,
आता तो तांबूस,
घासलाच जवळजवळ,
गेला.

"माझ्याकडून घासला नसता," तो म्हणाला.
"एक चंद्रभर बाजूने गेला असता."
खुर्ची सरकली. जिन्यावर पावलं, मोजून टाकलेली.
गच्चीची कडी.
फोनमध्ये नदीवरचा वारा भरला
आणि त्यात कुठेतरी बोट वर करून,
मला दिसणार नाही हे विसरून,
"इथून," तो म्हणाला. "हे बघ, इथून."