विहीर क्रमांक तीन

बाटलीवर चिठ्ठी : विहीर तीन, नंदेसरी.
रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा.
आणून देणारा म्हणाला,
बेन, म्हैसही तोंड लावत नाही.

तांब्याची जाळी आत सोडली,
ऋण टोक जोडलं
आणि बसून राहिले.
दांडिया बाजारातून आलेला डबा निवला.

नायट्रेट चिवट.
ऑक्सिजन सोडतं ते
भाडेकरू खोली सोडतो तसं,
एका खेपेला एकच भांडं नेत.

अकराव्या दिवशी परीक्षानळी
निळी झाली. गडद निळी.
सेलचं झाकण काढलं
तर नाकात तोच झणका
जो बाबांच्या शर्टाला यायचा
खतकारखान्याच्या रात्रपाळीनंतर,
आणि आई तो शर्ट वेगळा भिजवायची.

डोळ्यांत पाणी आलं.
अमोनियाने येतंच.

वहीत लिहिलं : नायट्रेट जवळजवळ संपलं.
पाण्याचा रंग
तसाच.