डावीकडून

वाशीला, सेक्टर सतरात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
मी दिवसभर फोटोंच्या खाली राहते.
फोटो ज्याचा त्याचा असतो,
खालची ओळ माझी: राखाडी, तेरा पॉइंट,
फोटोला कुठेही न चिकटणारी.

नियम निरंजनामॅडमनी भिंतीवर लावलेत.
गावाचं नाव आधी, मग स्वल्पविराम, मग साल.
साल नक्की नसेल तर 'सुमारे'.
तिरपा टाइप फक्त होडीच्या नावाला.
माणसं डावीकडून.
शेवटी पूर्णविराम नको, का ते विचारू नये.
आणि सगळं मिळून एकशे चाळीस अक्षरं.

अक्षर म्हणजे काय, यावर मंगळवारी पाऊण तास गेला.
'मिठागर' माणसाला चार, मशीनला सहा.
वेलांटीचं वेगळं धरतं, कान्याचं वेगळं.
आमच्या भाषेला स्वतःच्या दागिन्यांचाच जकातनाका.
मॅडम म्हणाल्या, मग 'मिठागर' काढा,
फोटोत दिसतंच आहे.

दिसत होतं.
दोनशे बारा नंबर: पांढरे ढीग, टोपल्या,
उन्हाला डोळे बारीक केलेली अकरा माणसं.
मी लिहिलं,
*करावे, सुमारे १९६८. डावीकडून: गोमाशेठ ठेकेदार, त्यांचे बंधू, मुनीम*
मोबाइलवर इथेच ओळ तुटते
आणि निळ्या अक्षरांत येतं: आणखी.
बाकीची आठ माणसं त्या 'आणखी'च्या पोटात.
सगळ्यात शेवटी, टोपली डोक्यावर तशीच ठेवून,
'अनोळखी स्त्री'.

गुरुवारी चांगुणा भोईर दोन जिने चढून आली.
नातवाने फोनवर दाखवलं होतं.
खुर्ची दिली तर बसली नाही.
"यान माजी आयस हाय. तिचा नाव नाय."
मी म्हटलं, असेल आजी, 'आणखी' दाबा.
तिने अंगठा टेकवला.
काच ढिम्म.
मिठाने रेषा खाल्लेला अंगठा, त्याला ही काच ओळखेना.
पुन्हा टेकवला. पदराला पुसून पुन्हा.
मग मीच दाबलं
आणि दाबल्यावर जे उघडलं ते मला वाचून दाखवता आलं नाही.

ती वाचत नव्हतीच. फोटो बघत होती.
नाक स्क्रीनला लागेल इतकी जवळ.
"आयशीची नथ उजवीकरं कशी गेली?"

मी मोठा केला फोटो. आणखी मोठा.
नथ, चार ठिपक्यांची, उजव्या नाकपुडीत.
मुनिमाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे.
मागच्या होडीवरचा आकडा
मी नक्षी समजून सोडून दिला होता.
पन्नासेक वर्षं पाकिटात नीट झोपलेली निगेटिव्ह
आम्ही कूस उलटी करून स्कॅन केली होती.

आडवं पलटायला एक बटण असतं.
दाबलं.
अकरा माणसं न हलता हलली.
टोपलीवाली बाई डाव्या टोकाला येऊन उभी राहिली,
ठेकेदार गेला पार पलीकडे.
चांगुणाबाईने मान डोलावली, घरातलं एखादं भांडं
जागेवर ठेवल्यासारखी.

*करावे, सुमारे १९६८, मिठागर. डावीकडून: धाकली ठाकूर,*
पुढची दोन नावंही तिनेच दिली,
स्वल्पविरामाला थांबत, मी टाइप करेपर्यंत.
ओळ तुटते तिथेच तुटली.
गोमाशेठ आता 'आणखी'मध्ये आहेत.
मी काही केलं नाही.
नियम भिंतीवर आहे: डावीकडून.

जाताना तिने विचारलं, पैसे किती?
नाही म्हटल्यावर पिशवीतून दोन सुके बोंबील काढून
माउसच्या बाजूला ठेवले.

आता एकेचाळीस फोटो त्याच पाकिटातले.
बायका आहेत तिथे नथ बघते.
पुरुषांच्यात घड्याळ, खिसा, गुंड्यांची बाजू.
पण दोनशे एकोणतीसमध्ये नुसते सात उघडे गडी,
लंगोटी, फावडी, मागे सपाट पाणी.
डावं काय, उजवं काय, सांगायला अंगावर काहीच नाही.

ओळ रिकामी ठेवली आहे.
मॅडम म्हणतात, रिकामी चालत नाही,
निदान 'सुमारे' लिही