मागचा कार्ब्युरेटर

एव्हर्ट सांगतो तेव्हा हातही वापरतो:
पाय दिला की आधी काहीच नाही,
मग आवंढा गिळल्यासारखं,
मग एकदम धाव.
"जणू मी काय म्हणालो
ते तिला नीट ऐकूच आलं नाही."
गेल्या ऑगस्टपासून.

सहासष्ट सालची अ‍ॅमेझॉन, फिकट निळी,
हिवाळाभर कोठारात चादरीखाली असते.
हेर्नोसांदच्या खाडीतलं बर्फ परवाच फुटलं.
माझ्या गॅरेजच्या दारातून दिसतात
एकमेकांना ढुशा देत निघालेले तुकडे.

गिऱ्हाईक सांगतं ते ऐकावं, लगेच मानू नये,
असं टोर्स्टेन म्हणायचा.
त्याचं नाव अजून माझ्या निम्म्या पान्यांवर आहे.
म्हणून आधी पॉइंट्स. फट बरोबर.
टायमिंगचा दिवा पुलीवर धरला,
खूण जागच्या जागी थरथरत उभी.
पेट्रोल येतंय. फिल्टरमध्ये गंज नाही,
एक मेलेली माशी आहे, तिचा काही संबंध नाही.
मॅनिफोल्डच्या सांध्यांवर फवारा मारला:
कुठून चोरटी हवा आत शिरत असती
तर इंजिनाने सूर बदलला असता.
नाही बदलला.

रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात,
दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी.
पुढचा: स्स्स्स.
मागचा: स्स्स्स.
श्वास सारखे.
म्हणजे उभ्या गाडीत भांडण नाही,
भांडण फक्त निघताना.

स्टुलावर बसून एव्हर्ट कॉफी गार करतोय.
कुणी न विचारता म्हणतो, मायवोर गेली.
मी पाना खाली ठेवते.
"तशी नाही. ऊमिओला. बहिणीकडे.
दीड वर्ष झालं."
मी पाना परत उचलते.

पुढच्याची काळी टोपी फिरवून वर ओढली:
दांडीला तेल. पातळ, पण आहे.
परत खाली सोडताना
बोटाखाली एक मऊ नकार.
मागच्याची टोपी फिरवली.
कोरडी.
सोडली तर थेट तळाला,
आटलेल्या विहिरीत पोहरा जावा तशी.

"आत एक पिस्टन असतो," मी म्हणते,
"तुम्ही पाय दिला की त्याला ताडकन उठायचं असतं.
तेल त्याला धरून ठेवतं, म्हणतं, जरा दमानं.
तेवढ्या अर्ध्या क्षणात
पेट्रोल हवेला गाठतं.
तो रेंगाळतो, म्हणून गाडी रेंगाळत नाही.
मागच्याला धरणारं कुणी उरलं नव्हतं."

तो कप खाली ठेवतो.
"त्यात तेल घालावं लागतं?"
"दोन-तीन महिन्यांनी. चमचाभर."

बराच वेळ तो माशीकडेच बघतो.
"रविवारी ती शिलाई मशीनचं बुधलं घेऊन बाहेर जायची.
मला वाटायचं, बिजागऱ्यांना."

शिलाई मशीनचं तेल या कामाला फार पातळ असतं.
हे मी सांगत नाही.
दोन्हीकडे वीस नंबरचं घालते,
टोप्या बसवते, हात पुसते.

चर्चच्या चढावर त्यालाच चालवायला दिली.
पाय दिला, गाडी गेली.
मध्ये काही नाही.
त्याने तीनदा करून बघितलं,
चौथ्यांदा उगाच.

तेलाचे पैसे मी घेतले नाहीत, तासाचे घेतले.
उरलेलं तेल बाटलीत भरून दिलं,
ती त्याने पुढच्या सीटवर ठेवली
आणि, मी बघितलं, पट्टा लावला तिला.

फाटा माझ्या दारातून दिसतो.
डावीकडे त्याचं घर,
उजवीकडे मोठा रस्ता, उत्तरेला ऊमिओ, दोन-सव्वादोन तास.
अ‍ॅमेझॉन तिथे जाऊन थांबली.
रस्ता मोकळा. कुठलाच दिवा लुकलुकत नाही.
इथपर्यंत ऐकू येत होतं इंजिन,
एका लयीत, एकही ठोका न चुकवता.

मागून लाकडाचा ट्रक येऊन थांबला.
हॉर्न नाही वाजवला.
आमच्याकडे वाजवत नाहीत.