दोन कॅल्क्युलेटर

पासवर्ड टाकायच्या आधी
कोपऱ्यातल्या बारक्या चाकावर टिचकी मारायची,
हे भरमूनं दाखवलं.
"आत्ती, आत सगळं तेच हाय, खरं दिसायला वेगळं."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या गिऱ्हाइकाला हे समजावताना
माझा अर्धा चहा निवतो.

वडगावात, मागांच्या खडखडाटात
सहा बाय नऊचं दुकान.
दोन जीबीचं म्हातारं मशीन,
विंडोज त्यात मावेना, म्हणून हे फुकटातलं.
आधी नोम होतं.
मोकळा पडदा, वर एक काळी पट्टी, बस्स.
माउस कोपऱ्यात नेला की
सगळ्या खिडक्या अंग चोरून समोर उभ्या,
करंट गेल्यावर मागवाले रस्त्यावर येतात तशा.
चांगलं होतं,
खरं पंखा घरघरायचा,
आणि पत्रिका उघडेस्तोवर नवरीचा बाप घड्याळ बघायचा.

मग प्लाझ्मा.
खिडकी धरून ओढली की खरवसासारखी थरथरायची.
मी तीन दिवस काम सोडून
पट्टी खाली घेतली, डावीकडं घेतली,
घड्याळाचे आकडे कन्नड केले, मराठी केले,
परत कन्नड.
बोर्ड रंगवणाऱ्याला यंदा दोनदा पैसे दिलेत मी,
इथं फुकट होत होतं, म्हणून असेल.

चौथ्या दिवशी सकाळी चाक फिरवून
एक्सएफसीईत शिरले.
उंदराचं चित्र. हलकं. फडक्यानं पुसलेल्या टेबलासारखं.
आणि नेमके तेव्हाच कल्लाप्पा सुतगट्टी आले,
नातीची पत्रिका घेऊन.
एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड.
"नवरा बैलहोंगलचा. तिकडं मराठी वाचणार कोण?"

ऑल्ट-शिफ्ट दाबते, काही नाही.
कोपऱ्यात 'मरा' नाही, 'कन' नाही.
गणपतीचं नाव लिहायला जावं
तर इंग्रजी केरकचरा.
"काय करूलालीस गं? घरच बदललंस काय?"
"नाही मामा. अंगण तेवढं बदललंय."
विश्वास बसेना, म्हणून होम उघडून दाखवलं.
सगळ्या पत्रिका जागच्या जागी:
हुद्दार_शेवटची,
हुद्दार_शेवटची_२,
हुद्दार_शेवटची_खरं.
ते शेवटचं नाव वाचून म्हातारा हसला.
म्हणाला, "आता ही 'खरंच' शेवटची,
का 'शेवटची, खरं अजून एक हाय'?"
मला आठवेना.

भरमूला फोन लावला. उद्यमबागेत पाळी होती त्याची,
मागं घणाचा आवाज.
"सेटिंग. कीबोर्ड. लेआउट.
डिफॉल्टची खूण हाय बघ, ती काढ.
काढलीस? आता दोन्ही घाल."
दोन्ही घातल्या.
पट्टीवर 'मरा' उगवलं.
दाबलं, 'कन'.
पुन्हा दाबलं.
उगाच पुन्हा.

मेनूत अजून जुन्यांचा संसार आहे,
नोमचा कॅल्क्युलेटर, प्लाझ्माचा कॅल्क्युलेटर,
लिहायला तीन वह्या, सेटिंगची दोन दुकानं.
भरमू म्हणतो, काढून टाकतो, जागा अडते.
मी म्हणते, पुढच्या आठवड्यात.
असे अकरा आठवडे झाले.

दोनशे पन्नास पत्रिका, नऊ रुपयांनी.
मी गणित मांडलं.
"दुसऱ्यावर पण बघ की," कल्लाप्पा म्हणाले.
बघितलं.
दोन हजार दोनशे पन्नास.
त्यावरही.

मग ते नोटा मोजू लागले, ओठातल्या ओठात,
ओंदु, यरडु, मूरु.
मी मनात एक, दोन, तीन.
मध्येच पन्नासाच्या दोन नोटा चिकटून आल्या,
आम्ही दोघं एकदमच थांबलो.