ऐंशी एकर, नववं वर्ष

इनमन गाव मागे पडतं, धान्याच्या कोठारांची पांढरी उंची
आरशात बोटाएवढी होते,
मग उजवीकडे तिसरं फाटक एल्फ्रीडा व्होथचं.
तारेनं बांधलेलं. सोडायला तीच येते,
ब्याऐंशीची, नवऱ्याचे गमबूट घालून.

तिच्या आज्यानं हे रान पहिल्यांदा फोडलं.
चार घोडे, एक नांगर,
आणि मुळं तुटतानाचा आवाज, म्हणे जाड कापड फाटावं तसा,
दिवसभर. रात्री त्याच्या कानात तो चालूच.
मग शंभर वर्षं गहू. गव्हावर गहू.
माती फिकटत गेली, चहात दूध वाढत जावं तशी,
आणि हिशेब कोणी ठेवला नाही,
कारण जे उडून गेलं त्याला वजन असतं
हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी तिनं गहू थांबवला.
मुलगा लाइल विचिटाहून फोनवर ओरडला.
बियाणं आलं पोत्यांतून, चाळीस जातींचं, कुसळांसकट,
हाताला चिकटणारं, पेरणीयंत्रातून न सरकणारं.
पहिली तीन वर्षं नुसतं तण.
चर्चच्या पायरीवर शेजारी विचारायचे,
"यंदा काय पिकवलंस, एल्फ्रीडा?"
"ससे," ती म्हणायची.

चौथ्या मार्चमध्ये सगळं पेटवलं.
आमच्याकडे भाताचा राब भाजतात, ती आग मला ठाऊक होती,
गुडघ्याएवढी, माणसाळलेली.
ही वाऱ्याची सख्खी बहीण. आम्ही दोघी
पाण्याच्या टाकीमागे उभ्या राहिलो, भुवया सांभाळत.

मी येते ती नळी घेऊन.
ट्रकवरचं यंत्र तिला मीटरभर खाली ढकलतं,
वर येतो मातीचा एक लांब दांडा.
ट्रेवर आडवा करून सुरीनं उभा चिरते.
वर मुळांचं जावळ.
खाली, जिथं नांगराच्या तळानं दाबून दाबून वीट केली होती,
तिथून एक मूळ
आता आरपार गेलेलं, कोणाला न विचारता.
तळाशी आम्लाचा थेंब टाकते. फसफसतं.
"तो चुना, तो धरायचा नाही," मी सांगते.
ती मान हलवते, दरवर्षीसारखी.

आकडा हवा? शंभराला पाव. नऊ वर्षांत.
कार्बन क्रेडिट विकणारा एक तरुण आला होता,
त्याच्या टॅब्लेटवर आलेख जिना चढत होता.
मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
मग हसूच आलं, कारण मुरत तर होतंच:
पाणी, पाला, मेलेली मुळं,
बरणीतल्या लोणच्याच्या चालीनं,
सारखं झाकण उघडलं तर नासेल असं.

ती वाकते. "यात मर्ल आहे का?"
मर्ल म्हणजे नवरा. पन्नास वर्षं
याच कडेकडेनं डिझेल जाळलं त्यानं, शिवाय पाइप.
"धूर कुठं जातो ते तूच सांगितलंस.
मग थोडा तरी परत आला असेल."

प्रयोगशाळेतली भट्टी नऊशे अंशांवर माती जाळते
आणि टक्के सांगते. नाव सांगत नाही.
हे मला इंग्रजीत नीट म्हणता आलं असतं.
म्हटलं नाही.

तिनं वरच्या टोकाचा नखाएवढा तुकडा मोडला,
हुंगला, खिशात टाकला.
मी पिशवीवर लिहिलं:
नमुना सात. शून्य ते दहा सेंटिमीटर.
थोडा कमी.