अंचु

पाणीपुरवठ्याच्या खोलीला एकच खिडकी,
तिच्यातून दिसते बंद गिरणीची चिमणी,
आणि माझ्या पडद्यावर अख्खं सोलापूर,
प्रभागांचे तुकडे, फिकट निळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत:
तीन दिवसाआड, चार दिवसाआड,
पाच.

गव्हाणे साहेब पाठीमागं उभे राहून म्हणाले,
रंग ठीकायत. हद्दी ठळक करा.
काळ्या.

केल्या. एजकलर काळा, जाडी दोन.
हद्दवाढीतले ऐसपैस प्रभाग तसेच पसरलेले राहिले,
साखर पेठेकडचे मात्र
रेघांखाली दबून काजळीचे ठिपके झाले.
जिथं घरं दाट तिथं शाईच शाई,
निळ्याला पाय ठेवायला जागा नाही.

पांढरी करून पाहिली.
शहराला तडे गेले,
मे महिन्यात तळ उघडा पडावा तसे.
मग हद्दीला आतलाच रंग दिला.
शेजारशेजारचे दोन प्रभाग एकमेकांत विरघळले.
साहेब म्हणाले, यातला एक कुठं गेला?

त्या दुपारी एक गोष्ट कळली
जी तीन वर्षांच्या कंत्राटात कळली नव्हती:
दोघांमधली रेघ पायथन दोनदा काढतो.
आधी याची, मग त्याच जागेवर त्याची.
यादीत जो नंतर, त्याचा रंग वर.
आमच्या प्रभागाला मी हौसेनं लाल किनार दिली होती,
मागून आलेल्यांनी ती तीन बाजूंनी खाल्ली,
उरली फक्त अक्कलकोट रोडकडची.

संध्याकाळी नान्नांना सांगितलं.
ते ओट्यावर बसून टॉवेलाचे सुटे धागे कातरत होते.
'काठ नंतर लावतंय का कोण?' म्हणाले.
'अंचु ताण्यातच असतंय, पोरी.
माग हलायच्या आधी रंग ठरवायचा.
मागनं बदलायला गेलं तर कापडच जातंय.'
माझ्याकडं एक ओळ बदलली की सगळं बदलतं,
हे मी बोलले नाही.
कात्री चालू होती.

रात्री पट्टी घेऊन हिशेब केला.
पन्नास हजारास एक, जाडी दोन पॉइंट,
म्हणजे जमिनीवर पस्तीस मीटर.
पस्तीस मीटरात आमचा अख्खा बोळ मावतो,
अलीकडची घरं, पलीकडची घरं,
शेंदूर फासलेला दगड,
अंजम्माची विड्यांची सुपं,
आणि तो हिरवा पाइप,
जो तिच्या पाण्यादिवशी आमच्या पिंपात येतो,
आमच्या पाण्यादिवशी तिच्या.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
तीनच्या निळ्यातही नव्हतो, पाचच्याही.
रेघेत राहत होतो.

सकाळी करडा लावला, जाडी दशांश चार.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
हद्द दिसेना की हो.
जवळून दिसते, मी म्हटलं.
मीटिंगमध्ये कोण जवळ येतंय, येमूल बाई?

शेवटी काळीच छापली.
जाडी तेवढी एकवर आणू दिली त्यांनी.
एक म्हणजे साडेसतरा मीटर.
तेवढ्यात अंजम्माची सुपं बाहेर येतात,
आमचा ओटाही, नान्नांच्या कात्रीसकट.

पाइप येत नाही.