कातरवेळ

लाइल ट्रेन्गोव्हच्या अंगठ्यावरची जखम
तांदळाच्या दाण्याएवढी.
मेंढी उसळली, यंत्राचा दात लागला,
त्यानं रक्त पँटला पुसलं
आणि पुढची मेंढी गुडघ्यांत धरली.
त्या दिवशी एकशे बेचाळीस झाल्या,
त्याची मुलगी मेरिन सांगते,
आकडा ऐकून ताप उतरेल अशा आवाजात.

आज सहावी रात्र. डब्बोचं इस्पितळ, अतिदक्षता, खाट चार.
रक्तदाब एका थेंबनळीला लोंबकळतोय.
गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटलीय.
जंतू केव्हाच मेले, डॉक्टर हॅलोरन म्हणतात,
आता जे चाललंय ते त्याचं स्वतःचं.

माझं काम लहान.
एक नळी रक्त, बर्फाचा डबा, मेरिनची सही,
आणि मागच्या खोलीत रात्रभर
त्याच्या भक्षक पेशी मोजत बसणं.

शरीरात एक निरोप फिरतो,
एकाच शब्दाचा: वाढ.
कातडीला तो ऐकू जातो आणि कातडी
काठाकाठानं सरकत भेग मिटवते.
भक्षक पेशीच्या अंगावरही तोच कान आहे.
पण ती पंगतीला बसलेली.
तिला ऐकू येतं: वाढ, अजून वाढ,
माझ्या पानात आणखी आग वाढ.

आणि निरोप धाडायला बाहेरचं कुणी लागतंच असं नाही.
जंतूची चाहूल लागली की पेशी
स्वतःच्याच पाठीवरून तो कातरून काढते,
प्रथिनाची एक कात्री असते तिच्याजवळ,
आणि स्वतःच्याच कानात टाकते.
जंतू मेल्यावरही कात्री थांबत नाही.

हे मी मेरिनला सांगून बसले, कॉफीच्या यंत्रापाशी,
नको तितकं.
ती थबकली. कुठला निरोप म्हणालीस?
मी नाव सांगितलं. ईजीएफ.
ती हसली. सहा रात्रींत पहिल्यांदा.

ते आमच्याकडे आलं होतं, म्हणाली. मी शाळेत होते.
दोन माणसं, स्वच्छ बुटांची.
मेंढीला एक सुई, वरून जाळीचा सदरा,
चार आठवड्यांनी सदरा सोडला
तर लोकर आपसूक सुटलेली,
अख्खी, पांघरुणासारखी.
ना यंत्र, ना घाम, ना ओरखडा.
बाबा कुंपणाला टेकून बघत होते.
रात्री जेवले नाहीत.
म्हणाले, मग या हातांचं मी काय करू?

पुढे ते आमच्या शेडपर्यंत परत आलं नाही. महाग पडलं म्हणे.
हातांना आणखी पंचवीस वर्षांचं काम मिळालं,
आणि हा अंगठा.

पहाटे तीनला मी त्याच्या पेशी दोन ताटल्यांत वाटल्या.
एकीत तो कान बुजवणारं औषध.
तिथली आग उतरली, थोडी, पण उतरली.
दुसरीत भडकलेलीच.
उंदरांत हे जमलेलं आहे.
माणसात कुणी हमी देत नाही, मी तर नाहीच.
कारण हाच कान बुजवला
तर अंगठा कुणाचं ऐकून मिटेल?
वहीत मी दोन आकडे लिहिले.
प्रश्न लिहायला त्या वहीत रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी कातरवेळी कामावर आले.
आवारात गॅलाह पक्ष्यांचा गुलाबी गोंगाट,
आत यंत्रांचा.
ताप एकशे तीन.
मेरिन खुर्चीत झोपलेली, त्याचा हात तिच्या मुठीत.
मी पट्टी बदलायच्या निमित्तानं अंगठा पाहिला.

मिटला होता.
सुजेच्या मधोमध एक पातळ, नवी, चकाकती रेघ.
बाकीचा सगळा माणूस जळत होता,
आणि तांदळाएवढ्या जागेनं
तो शब्द
बरोबर ऐकला होता.